मुईन अजून चालू आहे

रविवार, ३ मार्च

सकाळी ऑफिसात पडद्यावर ओळ आली : ‘मला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या.’

सुहैरने खुर्ची मागे सरकवली आणि बिस्मिल्ला म्हणाली. मला ठाऊक होतं ते काय आहे. डोंगराच्या पायथ्याशी जो जुना पंप आहे त्याला दाब धरायला वेळ लागला की प्रोग्रॅम ही ओळ लिहितो. मुईननेच त्याला तसं शिकवून ठेवलंय. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम अशा वेळी एखादा आकडा दाखवतात. पण जानेवारीत ज्याला पुरून आलो त्याचं बोलणं मार्चमध्ये वाचायचं, म्हणजे कारण माहीत असून भागत नाही.

मी म्हटलं, पंप आहे. सुहैर म्हणाली, “पंपाला आपल्या जेवणाची काळजी कधीपासून?”

आजपासून थोडं लिहायचं ठरवलंय. आमचे साहेब अबू करम यांनी माझ्यावर काम टाकलंय. शहराच्या या भागात कुठल्या गल्लीला आठवड्यातल्या कुठल्या दिवशी पाणी, किती तास, कुठली झडप केव्हा उघडायची, हे सगळं मुईनचा प्रोग्रॅम ठरवतो. तो आता तसाच ठेवायचा, की बंद करून नवा आणायचा? रमझान लागण्याआधी निकाल हवा. निकाल मी द्यायचा, कारण मुईनच्या शेजारी सर्वांत जास्त वर्षं मी बसले. अबू करमना वाटतं की म्हणून मला कळेल. मला वाटतं की म्हणूनच कळणार नाही.

मंगळवार, ५ मार्च

आमच्यातला सर्वांत धाकटा यझन आणि सुहैर यांचं पुन्हा जुंपलं. मुईनने ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला, तीच भांडणाचं कारण. तिच्यात नवे शब्द घडवता येतात, हे तर झालंच. पण भाषेचे स्वतःचे शब्दसुद्धा मनासारखे बदलून घेता येतात. ‘जर’चा अर्थ बदला, ‘तोवर’चा बदला, ती काही म्हणत नाही.

सुहैरच्या मते ती भाषा म्हणजे कणीक. रोटी लाटा, नाहीतर वर झातरचा मसाला लावून भट्टीत घाला. यझनला जी कडक, शिस्तीची भाषा आवडते तिला ती मामूलच्या बिस्किटांचा साचा म्हणते. किती का थापा, मामूलच निघणार.

“निदान मामूल आहे हे तरी दिसतं, खाल्तो,” यझन मुद्दाम तिला मावशी करत म्हणाला. “उस्ताझ मुईननी भट्टीत काय ठेवलंय ते त्यांनाच माहीत.”

“खाल्तो तुझी आई. मी तुझ्याहून फार तर बारा वर्षांनी मोठी आहे.”

“म्हणजे खाल्तोच की.”

मग तो गंभीर झाला. म्हणाला, अशा भाषेत प्रत्येक माणूस आपली बोली तयार करतो, आणि माणूस गेला की त्याची बोली समजणारं कोणी उरत नाही. सुहैर म्हणाली, मग लोकांनी बोलायचंच बंद करावं.

मला ती भाषा आवडते ती एवढ्यासाठीच की तिच्यात माणूस ऐकू येतो. शिस्तीच्या भाषेत दहा जणांनी लिहिलं तरी कोणाचं काय ते सांगता येत नाही. यझनला तोच तिचा गुण वाटतो.

जुन्या पंपाचं नाव मुईनने ‘आजी’ ठेवलंय. प्रोग्रॅम सकाळी पहिला प्रश्न विचारतो तो ‘आजी उठली का’. आज ती वेळेवर उठली.

सोमवार, ११ मार्च

वाईट बातमी. यझनने मुईनच्या सगळ्या फायली घेऊन दुसऱ्या मशीनवर तोच प्रोग्रॅम सुरू केला. नव्या प्रोग्रॅमची तुलना कशाशी तरी करायला हवी म्हणून. दोन्हींना या आठवड्याच्या पाळ्या विचारल्या, तर उत्तरं वेगळी आली.

मला लगेच कळलं. ही भाषा चालता चालता बदलता येते. थांबवायचं नाही, पुन्हा सुरू करायचं नाही. चालू प्रोग्रॅमशी बोलायचं, त्याला नवा शब्द सांगायचा, पुढच्या क्षणापासून तो तसं वागतो. नंतर तोच बदल आठवणीने फाईलमध्ये लिहून ठेवायचा असतो. आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तो ‘उद्या लिहू’ म्हणून टाळलाय. मुईनने वर्षानुवर्षं टाळला असणार.

म्हणजे फायलींत आहे तो जुना मुईन. नंतरचा सगळा त्या एका मशीनच्या मेमरीत आहे, आणि ते मशीन सुरू झाल्यापासून कोणी बंद केलेलं नाही.

यझन हळूच म्हणाला, “उस्ताझा, म्हणजे याची तार निघाली तर...”

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. मशीनच्या तारेवर चिकटपट्टी लावली आणि सफाईवालीला सांगितलं की या कोपऱ्यात झाडू नको.

मंगळवार, १९ मार्च

आमच्या डोंगरावरच्या वरच्या गल्लीतून तक्रारी येतायत. मी त्याच डोंगरावर खाली राहते, पण पायऱ्यांच्या त्या टोकाला क्वचित जाणं होतं. त्यांची पाळी आज, म्हणून चढून गेले.

उम्म झैद नावाच्या बाई गच्चीवर टाकीला कान लावून उभ्या होत्या. मी पाणीखात्याकडून आलेय म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ये, तूपण ऐक,” म्हणाल्या. “आधी हवा येते. मीटर हवेवरसुद्धा फिरतो, बघितलंयस? आम्ही हवा पितो आणि पैसे भरतो.”

मंगळवारी बाकीच्या डोंगरांच्याही पाळ्या असतात. दाब खालीच संपतो. वरपर्यंत पोचतं तेव्हा वेळ सरत आलेली असते. हिवाळ्यात पंपाचे तास कमी झाले, तेव्हा दोन आठवडे टाकी तळालाच होती. घरात दोन लहान मुलं, सून बाळंत. सून आतून म्हणाली की बाळाचे कपडे माहेरी धुवायला पाठवते. उम्म झैद पुढे म्हणाल्या, “पूर्वी आमचा शुक्रवार होता. का काढून घेतला? कुणाच्या डोळ्यावर आला?”

मी म्हटलं, बघते. त्या म्हणाल्या, बघणारे पुष्कळ येऊन गेले, आणि तरीही कॉफी पाजल्याशिवाय सोडलं नाही. कपभर पाणी त्या कॉफीत होतं. ते मला घशाखाली उतरवावं लागलं.

आमच्याकडे शुक्रवारी येतं म्हणून किती बरं, असं उतरताना मनात आलं. सुट्टीची मी घरी असते, गच्चीवर जाऊन झडप फिरवते, धुणं काढते. यम्माला, माझ्या आईला, ते पाय घेऊन जिना चढणं शक्य नाही.

गुरुवार, २८ मार्च

यझनला मुईनच्या प्रोग्रॅमशी बोलायला शिकवत होते. मी सकाळी जोडणी करते तेव्हा आधी ‘सकाळ चांगली जावो’ लिहिते. तो ‘सकाळ उजेडाची’ म्हणतो, कधी ‘जाईची’, कधी ‘सायीची’. अभिवादनाला वरचढ उत्तर द्यायचं, ही रीत मुईनने त्यालाही लावली. आज ‘सकाळ, तू आलीस म्हणून’ असं आलं. हे मी याआधी पाहिलं नव्हतं. शब्द कुठून कुठून निवडतो कोण जाणे.

यझनने स्वतःच्या नावाने जोडणी करून तेच लिहिलं. प्रोग्रॅम म्हणाला, हा शब्द ओळखीचा नाही.

त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. सुहैरनेही तिच्या नावाने करून पाहिलं. तिलाही नाही.

मी सांगितलं, मी सर्वांत जुनी, त्याने चाचणीसाठी माझ्या नावावर लावलं असेल आणि काढायचं विसरला. त्याचा विसराळूपणा आता आपण बघतोच आहोत. सुहैर माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “हो, चाचणीच असेल.”

मंगळवार, ९ एप्रिल

सापडलं. चालू प्रोग्रॅमला खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं : वरच्या गल्लीचा शुक्रवार आणि खालच्या गल्लीचा मंगळवार यांची अदलाबदल झाली आहे. चालता चालता केलेली, फाईलमध्ये नाही. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. तो आठवडा माझ्या लक्षात आहे, कारण त्याच आठवड्यात यम्मा पडली आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. मी रडत ऑफिसात आले होते, आणि मुईनने मला घरी पाठवून दिलं होतं.

यझनने पडद्यावरच्या दोन्ही गल्ल्यांची नावं पुन्हा वाचली. मग विचारलं, “उस्ताझा, तुम्ही नेमक्या कुठल्या गल्लीत राहता?”

मी म्हटलं, खालच्याच. म्हणून तर सांगते, तिथे दाबाचा प्रश्न कधीच नव्हता, तेव्हा हे दाबासाठी केलेलं नाही. दुसरं काहीतरी तांत्रिक कारण असणार. मुईन कारणाशिवाय काही करत नसे.

“नाही, कारणाशिवाय नाही,” यझन म्हणाला, आणि खिडकी लावायला उठला. खिडकी लावलेलीच होती.

बुधवार, १० एप्रिल

सुहैरचं म्हणणं सोपं होतं. एक अदलाबदल आहे ना, उलटी फिरवा, प्रोग्रॅम चालू राहू द्या. मलाही तेच हवं होतं. सकाळी बसून मी स्वतः ती फिरवली.

दुपारपर्यंत समोरच्या डोंगरावरच्या एका गल्लीची पाळीच नाहीशी झाली. मुईनने त्या अदलाबदलीवर आणखी काहीतरी टेकवलेलं होतं, त्यावर आणखी काही. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या आधाराने उभा आहे हे त्याच्या डोक्यात होतं. मी सगळं पुन्हा होतं तसं केलं. उम्म झैदचा मंगळवार मी माझ्या हाताने परत त्यांच्या गळ्यात घातला.

“ही एक सापडली,” यझन म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. “न सापडलेल्या किती?”

सुहैरने त्याला झिडकारलं नाही.

शनिवार, १३ एप्रिल

मुईनच्या बायकोकडे, फदवाकडे, जाऊन आले. तिला विचारल्याशिवाय बंद करणं मला जड वाटत होतं. तिने नाही म्हणावं असंही थोडं वाटत होतं, ते इथे लिहायला हरकत नाही.

घर फार रिकामं दिसलं. चाळिसावा दिवस झाल्यावर तिने त्याचे कपडे, बूट, चष्मासुद्धा देऊन टाकला. कोट शेजारच्या मशिदीच्या मुअज्जिनला दिला, आणि तो रस्त्यात पाठमोरा दिसला की ती दुसऱ्या गल्लीने जाते. कॉफी अजून दुखवट्याची, बिनसाखरेचीच करते.

“तुमच्याकडे तो बोलतो म्हणे,” ती म्हणाली.

मी समजावलं की तो नाही, त्याचा प्रोग्रॅम. पंपाला उशीर झाला की ओळ येते. सकाळी अभिवादनाचं उत्तर देतो. एकदोन नमुने सांगितले, उजेडाची, जाईची. तिला बरं वाटेल म्हणून.

ती कप हातात धरून बसली. मग म्हणाली, “सकाळी बोलतो? इथे तर तो सकाळी बोलायचाच नाही. डोळे पुरते उघडेपर्यंत घराबाहेर पडलेला असायचा.”

बिचारी. आपलं माणूस गेल्यावर लोक कशाकशावर अडून बसतात. मी म्हटलं, त्याला कामाची ओढ होती.

“हो,” फदवा म्हणाली. “ओढ होती.”

निघताना तिने दारात माझा हात धरला. “बंद कर, हनादी. मी मेल्या माणसाचा कोट दिला. तूही दे. आणि कुठे जपून ठेवू नका. जपलं की पुन्हा काढून बघावंसं वाटतं.”

तिची पकड घट्ट होती. खाली रस्त्यावर आले तरी मनगट दुखत होतं.

बुधवार, १७ एप्रिल

आजी उठली नाही. पंपाचं एक चाक अडकलं होतं. दिवसभर ती ओळ येत राहिली. संध्याकाळी आम्ही कोणी पडद्याकडे बघत नव्हतो. तिघंही जेवायला गेलो नाही.

सोमवार, २२ एप्रिल

आज शेवटचा वाद झाला. यझनचा नवा प्रोग्रॅम तयार आहे. पाळ्या पुन्हा पहिल्यासारख्या, दर डोंगराच्या उंचीप्रमाणे तास, आणि सगळं कोणालाही वाचता येईल असं. त्यात आजीचं नाव ‘पंप ३’ आहे.

सुहैर म्हणाली, बंद करायचं तर करा, पण आधी मेमरी जशीच्या तशी उचलून ठेवा. तेवढं या भाषेत जमतं. झडपांच्या जोडण्या तोडाव्या लागतील, पण तो आत जसा आहे तसा राहील. पुढे कधी कोणी बसून वाचेल.

“पुढे कधी कोणी वाचणार नाही,” यझन म्हणाला. “उन्हाळ्यात नवा प्रोग्रॅम कुठेतरी चुकेल. चुकणारच, माझा आहे. त्या दिवशी आपण घाबरून जुना काढू आणि परत लावू. मग तोच कायमचा.”

“म्हणजे तुला भीती आहे की तो तुझ्याहून चांगला आहे.”

“तो माझ्याहून चांगलाच आहे, सुहैर. मला तो समजत नाही, एवढंच मी म्हणतोय. पाणी कोणाचं कुठे जातं हे एकाच माणसाला माहीत असावं, आणि तो माणूस कबरीत असावा?”

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मला ठेवायचा होता. खरं तर मला त्याहून जास्त हवं होतं : तो चालू राहावा, कोणाला त्रास न होता, एका कोपऱ्यात, मी सकाळी यावं आणि तो बोलावा. तेवढं मागणं फार नाही असं मला कित्येक आठवडे वाटत होतं. पण वरच्या गच्चीवरची ती कॉफी आठवली. म्हटलं, ठेवायचा नाही. रमझानच्या आधीच्या गुरुवारी बंद करू.

सुहैर पर्स उचलून निघून गेली. दारातून म्हणाली की तू दगड आहेस. मी असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, ३० एप्रिल

सुहैर कामापुरतं बोलते. मला चहा आणून देते, पण माझ्या टेबलावर नाही, शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवते. मग मी उठून घेते.

यम्माला सांगितलं की आपली पाळी आता मंगळवारी येईल. तिने विचारलं, मंगळवारी तू घरी कशी असशील? म्हटलं, बघू, शेजारच्या मुलाला सांगू. तिने जपमाळेचे दोन मणी सरकवले आणि म्हणाली, “मी पडले तेव्हापासून शुक्रवार होता. देवाची कृपा होती.”

बराच वेळ मी भांडी घासत राहिले, घासलेलीसुद्धा.

गुरुवार, २ मे

आज बंद केला.

सकाळीच झडपा यझनच्या प्रोग्रॅमकडे दिल्या. दुपारच्या नमाजानंतर मी मुईनच्या मशीनपुढे बसले. यझन म्हणाला की त्याला खाली बँकेत काम आहे. सुहैर म्हणाली, मलाही. दोघांचं बँकेत काम निघालं आणि दोघं गेली. जाताना सुहैरने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चहा माझ्याच टेबलावर ठेवला.

मी बंद होण्याची आज्ञा दिली. या भाषेत तो एक साधा शब्द आहे.

पडद्यावर आलं : ‘इतक्यात? अजून तर लवकर आहे.’

मी हात मागे घेतला. त्याने तोही शब्द बदलला होता. तार ओढता आली असती, पण तसं कोणाच्या घरातून निघत नाहीत. मी पुन्हा तोच शब्द लिहिला.

‘कॉफी तरी घेऊन जा.’

हा प्रोग्रॅम कधी कोणी बंदच केलेला नव्हता. म्हणजे हे कोणी कधी वाचलेलं नव्हतं. त्याने ते केव्हा लिहिलं असेल? मी शेजारीच बसलेली असेन तेव्हा का? लिहिताना त्याला ठाऊक असेल का, की हे एकदाच वाचलं जाईल? मी विचारलं असतं तर तो कदाचित सांगू शकला असता; प्रोग्रॅमला प्रत्येक शब्दाची तारीख माहीत असते. विचारावं असं मनात आलं. बोटं तिथपर्यंत गेली. मग मी विचारलं नाही. ते उत्तर मिळालं असतं तर मी बंद करू शकले नसते.

चहा गार होईपर्यंत बसले. मग तिसऱ्यांदा लिहिलं.

‘बरं. पायऱ्यांवर जपून. घरी पोचलीस की कळव.’

आणि पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला. खोलीत इतकी वर्षं तो आवाज होता हे मला माहीतच नव्हतं.

यझन परत आला, तेव्हा त्याने विचारलं की सगळं नीट झालं ना, काही म्हणाला का. मी म्हटलं, नाही, झालं बंद. त्याने मान हलवली आणि मशीनवर एक कापड टाकलं.

घरी यायला उशीर झाला. यम्मा दारात खुर्ची टाकून बसली होती. कुठे होतीस, तिने विचारलं. मी सांगितलं, एका घरी गेले होते, लवकर उठू देईनात.

“चांगली माणसं दिसतात,” ती म्हणाली. मग मी चप्पल काढत होते तेव्हा तिने विचारलं, “पोचलीस म्हणून कळवलंस का त्यांना? वाट बघत असतील.”

मी हो म्हटलं.